दोरीचे सुटे टोक

ल्यादोवच्या गुहेत एक नियम होता, आणि तो इतका साधा होता की नव्याने येणाऱ्यांना त्याचे हसू येई. पाण्याखाली चौकात, म्हणजे जिथे वाट दुभंगते तिथे, आत जाणाऱ्या प्रत्येकाने दोरीवर आपला चिमटा लावायचा. हा चिमटा म्हणजे कपडे वाळत घालण्याचाच, लाकडी, बाजारात डझनाने मिळणारा. परतताना ज्याने त्याने आपलाच चिमटा काढून न्यायचा. दुसऱ्याच्या चिमट्याला हात लावायचा नाही. दोरीवर चिमटा आहे म्हणजे त्याचा धनी अजून आत आहे. चिमटा नाही म्हणजे माणूस बाहेर पडला. चौकात कोणी कोणासाठी थांबायचे नाही, कारण चार अंशांच्या पाण्यात थांबणे म्हणजे हवा आणि ऊब या दोन्हींची उधळपट्टी. शिवाय छत होतेच. गुहा जिप्समची, तोंडातून सुटलेले बुडबुडे छताला लागले की पांढरा चुरा झडू लागतो, आणि एका जागी पाच मिनिटे श्वास घेतला तर पाण्याचे दूध होते.

हा नियम घातला सावेली इग्नात्येविचने. चोवीस वर्षांपूर्वी या गुहेत पहिली दोरी त्यानेच टाकली होती. आता तो सहासष्ट वर्षांचा होता. हृदयाच्या दुसऱ्या झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला पाणी वर्ज्य केले होते. तेव्हापासून तो गुहेच्या तोंडाशी, भूगर्भातल्या तळ्याच्या काठी घातलेल्या फळ्यांवर, मेंढीच्या कातड्याचा कोट घालून बसे आणि घड्याळ सांभाळी.

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी तिघे वरच्या लाकडी खोपटात तयारी करत होते. बाहेर उणे एकवीस होते. बर्फ वितळायला अजून महिना होता, आणि एकदा तो वितळू लागला की गढूळ पाणी गुहेत शिरे आणि जूनपर्यंत आत जाणे बंद होई. दोरी बदलायची तर आताच.

"झाले का तुझे बाण मोजून, वार्का?" देम्यानने विचारले. तो शहरात बर्फ सारण्याचा ट्रॅक्टर चालवी. चौतीस वर्षांचा होता. "काल मोजलेस, आज परत मोजतेस. रात्रीतून त्यांना पिल्लं होतात का?"

"तुझ्याकडे ठेवले असते तर होती तेवढीही राहिली नसती," वार्वारा म्हणाली आणि बाहेरची दिशा दाखवणारे ते प्लॅस्टिकचे बाण पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली. ती त्याची बहीण, त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत ती नमुने तपासत असे. आणि एकोणीस वर्षे या गुहेतल्या दोऱ्यांची सारी व्यवस्था तिच्याकडे होती. कोणती गाठ कोणत्या खडकाला आहे, हे तिला कागद न पाहता सांगता येई. भावाला पाण्यात उतरायला तिनेच शिकवले होते.

"भांडा, खुशाल भांडा," सावेली म्हणाला. "तोंडची वाफ इथेच दवडा. आत गेल्यावर कशाला लागते? वार्या, ऐक. तू डावीकडे. नवी दोरी साठ मीटर टाकायची. परतताना चौकापासून जुनी दोरी कापून गोळा करत यायचं. दोन दोऱ्या शेजारीशेजारी नकोत मला. द्योमा, तू उजवीकडे. मापं घ्यायची आणि हवेचा तिसरा हिस्सा संपला की मागे फिरायचं. मग पुढे खजिना दिसो की जलपरी."

"जलपरी दिसली तर निदान तिचा पत्ता तरी लिहून घेऊ द्या, सावेली इग्नात्येविच."

"तुझ्या बायकोला देईन तो पत्ता. पोसिकुंचिकी संपवा. उपाशी माणसाला थंडी आधी धरते."

मांसाच्या त्या छोट्या तळलेल्या कानवल्यांपैकी शेवटचा देम्यानने तोंडात कोंबला, आणि तिघे शंभर पायऱ्या उतरून तळ्यावर गेले. छतावर श्वासाची वाफ गोठून तिची पाने झाली होती. काठाशी पाण्यावर बोटभर बर्फाची साय धरली होती. सावेलीने ती फावड्याने फोडली.

तळ्यापासून चौकापर्यंतची नवी दोरी मागच्याच रविवारी टाकून झाली होती. पिवळी नवी आणि चिकट, राखाडी जुनी अशा दोन दोऱ्या हातभर अंतराने शेजारून जात. देम्यान पुढे होता, वार्वारा मागे. हिवाळ्यातले ते पाणी इतके स्वच्छ होते की ते आहे असे वाटतच नसे; दोघे जणू पांढऱ्या दगडी दालनांतून अधांतरी चालले होते. एकशे चाळीस मीटरवर चौक आला: मधोमध घुमटासारखे उंच छत, खाली पडलेल्या दरडी, डावीकडे एक वाट आणि उजवीकडे एक. देम्यानने वळून बोटांचे कडे करून दाखवले, सारे ठीक आहे, आणि तो उजवीकडे गेला. त्याने चिमटा लावला हे वार्वाराने पाहिले. कोणत्या दोरीवर लावला हे पाहिले नाही. नवी दोरी असताना चिमटा नव्या दोरीवर लावायचा हे तिच्या दृष्टीने इतके उघड होते की ते बोलून दाखवावे असे तिला वाटलेच नव्हते.

तिचे काम नेमके झाले. साठ मीटर दोरी, बारा गाठी, सहा बाण. पण डाव्या हातमोज्याच्या मनगटाशी कुठेतरी पाणी शिरू लागले होते आणि ती चौकात परतली तेव्हा करंगळी व तिच्या शेजारचे बोट तिचे राहिले नव्हते. चौकात दूध झाले होते. टॉर्चचा झोत वीतभर जाऊन पांढऱ्या भिंतीवर आपटत होता. तिने पिवळी दोरी चाचपली. हाताला एकच चिमटा लागला. दोऱ्याचे दोन वेढे असलेला, तिचा. पुन्हा पुढेमागे चाचपले. दुसरा नव्हता.

म्हणजे द्योमा बाहेर पडला. लवकर परतला, माप चुकले असेल, नाहीतर थंडी वाजली असेल. वर गेल्यावर त्याला चिडवायला एक विषय झाला.

तिने आपला चिमटा काढला, खडकाशी असलेली जुनी दोरी सुरीने कापली आणि ती जाळीच्या पिशवीत भरत निघाली. पाच-सहा हात गेल्यावर दोरी अडकली. तिने ओढली, दोरी ताणली, थोडी आली आणि परत मागे गेली. एखाद्या कपारीत अडकलेली दोरी अशी मागे जात नाही, हे तिला त्या क्षणी सुचायला हवे होते. पण बोटे बधिर झाली होती, दूध दाटत होते, आणि मोकळी दोरी पाण्यात सोडणे हे तिच्या लेखी पाप होते. जिथे अडकली तिथे तिने दुसऱ्यांदा सुरी चालवली. दोरी सुटली. उरलेली सारी दोरी विनासायास पिशवीत आली.

काठावर डोके वर काढले तेव्हा फळ्यांवर सावेली एकटाच होता.

"दमला का तुझा वीर?" त्याने विचारले. "कुठे मागे राहिला?"

वार्वाराने तोंडातले, हवा देणारे रेग्युलेटर काढले. "द्योमा वर गेला ना? खोपटात?"

"वर? इथून कोण गेलंय वर? मी काय झोपलो होतो?"

छतावरून थेंब पडला, त्याचा आवाज मोठा झाला.

"त्याचा चिमटा नव्हता," ती म्हणाली. "सावेली इग्नात्येविच, मी दोनदा चाचपलं. चिमटा नव्हता."

म्हाताऱ्याने तिच्या हातची जाळीची पिशवी घेतली, फळ्यांवर उलटी केली आणि गुडघ्यांवर बसून त्या चिकट राखाडी दोरीचे वेढे सोडवू लागला. चिमटा त्यात होता. दोन खाचा असलेला, देम्यानचा; जुन्या दोरीला घट्ट धरून बसलेला. वीस वर्षे ज्या दोरीवर सारे चिमटे लागत आले त्याच दोरीवर सवयीने त्याने तो लावला होता.

"बरं," सावेली हळू म्हणाला. "बरं. चिमटा तू आणलास. पण त्याची दोरी तर खडकाला आहे. तो दोरीनं चौकात येईल, तिथे नवी दोरी सापडेल, आणि..."

तो थांबला. पिशवीतल्या दोरीचे दुसरे टोक त्याच्या हातात आले होते. सुरीच्या कापापाशीच एका गाठीचे अर्धे वेटोळे लटकत होते. ती गाठ जुन्या दोरीची नव्हती.

वार्वाराने ती गाठ पाहिली आणि तिला सारे एकदम आठवले. उजव्या वाटेची दोरी ज्या सुळक्याला बांधलेली होती तो सुळका जिप्समचा होता, आणि जिप्सम पाण्यात विरघळतो. शरद ऋतूत देम्यानने सांगितले होते की सुळका मनगटाएवढा उरला आहे, म्हणून त्याने गाठ तिथून सोडून मधल्या जुन्या दोरीला मारली आहे. खोपटातल्या नकाशावर त्याने ते लाल पेन्सिलीने लिहिलेही होते. पण नकाशा तिने स्वतः काढलेला होता. आपणच काढलेला नकाशा माणूस पाहतो, वाचत नाही. ओढल्यावर मागे गेलेली ती दोरी तिच्या भावाची होती, आणि ती तिने कापली होती. दुसऱ्या टोकाला, शंभर मीटर आत, कदाचित तो ती दोरी धरूनच येत होता.

"किती वाजले?" तिने विचारले.

"बारा वाजून आठ. अकरा दहाला उतरलात." सावेली उठला, आणि उठताना त्याला फळीचा आधार घ्यावा लागला. "शांत राहिला तर एक वाजेपर्यंत पुरेल त्याला. घाबरला तर नाही. मी वर जाऊन पेर्मला फोन लावतो, बचाव पथक..."

"अडीच तास लागतात त्यांना."

"मग मी उतरतो. उतरव ते सिलिंडर."

"तुम्ही? काळजात दोन स्प्रिंगा घेऊन? मग मला दोघांना शोधावं लागेल."

"वार्वारा तिमोफेयेव्ना!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज छताला लागून परत आला. "तुझा हात बघ! मूठ मिटते का? मीट बघू! तासभर पाण्यात काढलेल्या माणसानं परत उतरायचं नाही, हे मीच शिकवलं ना तुला? की तेही आज नव्यानं शिकवू?"

तिने मूठ मिटायचा प्रयत्न केला. तीन बोटे मिटली.

"तीन पुरतात," ती म्हणाली. "ते भरलेलं सिलिंडर द्या. दोरीची थोरली फिरकी द्या. आणि फोन लावा. पण आधी माझं हे मनगट बांधा."

त्याने तिचे मनगट रबराच्या पट्टीने आवळले. आवळताना शिव्या तो अखंड देत होता, हातमोजे बनवणाऱ्याला, जिप्समला, स्वतःला आणि अखेरीस देवाला. "द्योम्का चौकातच असणार," शेवटी तो म्हणाला. "दोरी सोडणार नाही तो. तूच शिकवलंयस. दोरीचं टोक धरून बसला असेल. ऐकतेस ना? तो बसलेलाच असेल."

भीती माणसाला पळवते असे म्हणतात. ते जमिनीवर खरे असेल. पाण्याखालची भीती छातीत येते, आणि छातीतली भीती हवा खाते. वार्वाराला हे ठाऊक होते, म्हणून एकशे चाळीस मीटर ती श्वास मोजत गेली: चार अंक आत, सहा अंक बाहेर. पिवळी दोरी अंगठा आणि तर्जनीच्या कड्यातून सरकत होती. भावाचा चेहरा ती डोळ्यांसमोर येऊ देत नव्हती. पण दर सहाव्या अंकाला एकच विचार येई, की दोरीच्या शेवटी पोहोचलेल्या माणसाला काय वाटत असेल. त्याने हातात हात घेऊन चालावे तशी ती दोरी धरून यावे, आणि पुढचा हात रिकाम्या पाण्यात जावा. एकदा, दुसऱ्यांदा, मग टोक चाचपावे आणि ते फाटलेले नाही, कापलेले आहे, हे बोटांना कळावे.

चौकात दूध आता इतके घट्ट होते की मास्कला टेकवलेले घड्याळही दिसत नव्हते. तिने फिरकीचे टोक नव्या दोरीला बांधले. तीन बोटांनी, दातांची मदत न घेता, तिसऱ्या प्रयत्नात. मग कमरेचे पितळी कडे सोडून तिने सिलिंडरवर ठोकले. तीनदा.

काही नाही.

पुन्हा तीनदा. आणि मग, सगळीकडून एकदम, टण, टण, टण.

तो होता. जिवंत होता. पण पाण्यात आवाजाला दिशा नसते. तो डावीकडून येत नाही, उजवीकडून येत नाही, तो डोक्यातच वाजतो. वार्वारा जिथे वळे तिथे तो तितकाच जवळ आणि तितकाच दूर होता. तिने उजवीकडचा अंदाज घेऊन फिरकी सोडत पहिला फेरा घातला. हात पसरून, आंधळ्यासारखे दरडींवर चाचपत. सुटे टोक तळाशी कुठेतरी पडले असणार. तिच्या हाताला दगड लागले, चिखल लागला, एकदा दोरीसारखे काही लागले आणि तिने ते मुठीत आवळले; ती तिचीच फिरकीची दोरी होती, स्वतःच्याच पायाला वळसा घालून आलेली. ती सोडवायला दोन मिनिटे गेली. बारा चाळीस.

तिने पुन्हा ठोकले. उत्तर आले नाही.

पुन्हा ठोकले. जोरात, पाचदा, सहादा.

गुहा गप्प होती. आणि आता, अर्ध्या तासात पहिल्यांदा, तिचा श्वास तिच्या हातातून सुटला. तो आखूड झाला, वर चढला, तोंडातल्या यंत्राला चावू लागला. या थंडीत असा श्वास घेतला की रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि सारी हवा भसाभसा निघून जाते. हे कारण तिला पाठ होते आणि त्याचा त्या क्षणी काही उपयोग नव्हता. आता सोडून जावे असे तिला वाटले. हा विचार तिचाच होता, त्यावर दुसऱ्या कोणाचे नाव घालता येत नव्हते: पिवळी दोरी मागे आहे, ती धरावी, वर जावे, म्हाताऱ्याला सांगावे की ठोकणे थांबले. कोणीही दोष दिला नसता. नियमही तेच सांगत होता.

ती वर तरंगत गेली आणि तिचे डोके छताला लागले.

इथे, घुमटाच्या अगदी माथ्याशी, चुरा खाली झडून गेल्यामुळे हातभर पाणी थोडे निवळ होते. टॉर्चच्या उजेडात तिला छतावर हवेची चांदी साचलेली दिसली. पाऱ्यासारखी, सपाट, कडांनी थरथरणारी. तिच्याच श्वासाची हवा. पण तिने पाहिले की एका कडेने ती चांदी हलत होती. कुठूनतरी एक ओघळ येऊन तिला मिळत होता.

तिने श्वास रोखला. स्वतःचा श्वास थांबवल्याशिवाय दुसऱ्याचा दिसणार नव्हता.

एक, दोन, तीन. तिची चांदी निश्चल झाली. चार, पाच, सहा, सात. आठव्या अंकाला उजव्या कडेकडून, छताच्या चढाने, तळहाताएवढा एक चकचकीत थेंब सरपटत आला आणि डबक्यात विरला. त्यामागे दुसरा लहान. मग काही नाही.

तिने श्वास घेतला आणि पुन्हा रोखला. या वेळी थेंब अकराव्या अंकाला आला.

कोणीतरी छताच्या खालच्या बाजूला, उताराच्या पायथ्याशी, श्वास सोडत होते, आणि दोन श्वासांतले अंतर वाढत होते.

ती पाठीवर वळली. चेहरा छताशी, टॉर्च छताशी. आणि ओघळाच्या उलट, त्याच्या उगमाकडे निघाली. छत उतरू लागले. ते छातीला लागले, मग नाकाला. मागे फिरकी सुटत होती. खडक आणि दरडी यांच्यामध्ये आता एका माणसापुरती जागा होती, आणि तिच्या स्वतःच्या बुडबुड्यांनी झडलेला चुरा मास्कवर बर्फासारखा पडत होता. पाच हात. श्वास रोखायचा, वाट पाहायची, थेंब पाहायचा, पुढे जायचे. तेराव्या अंकाला थेंब आला. आणखी तीन हात. पुढच्या वेळी तिने सोळापर्यंत मोजले आणि थेंब आला नाही, सतरा, अठरा, तिने हात पुढे टाकला आणि तो एका पायावर पडला.

पाय झटकला गेला.

देम्यान कपारीत कुशीवर पडला होता. उजव्या वाटेच्या तोंडाशी छत जिथे सर्वांत खाली आहे तिथे. ताणलेली दोरी कापल्यावर टोक तिथपर्यंत मागे गेले होते. त्याची फिरकी मांडीशी रिकामी लोंबत होती, म्हणजे त्याने शोधून पाहिले होते. एका रेग्युलेटरमध्ये बर्फ धरून ते सिलिंडर केव्हाच रिते झाले होते. दुसऱ्याचेही तेच होऊ लागले होते, म्हणून तो श्वास हवा तेव्हाच झडप उघडत होता, घोटभर घेत होता आणि बंद करत होता. उजवा हात झडपेवर होता. डाव्या मुठीत दोरीचे सुटे टोक होते. ठोकायला त्याच्यापाशी हात उरला नव्हता.

तिने आपल्या भरलेल्या सिलिंडरचे दुसरे, लांब नळीचे रेग्युलेटर त्याच्या तोंडापाशी नेले. त्याने ते ओढून घेतले आणि इतक्या जोरात श्वास घेतला की तिला तो छातीत ऐकू आला. मग तिने त्याचा हात ओढला. चल.

तो आला नाही.

तिने पुन्हा ओढले. तो सुटे टोक सोडेना. दुधात त्याला ती दिसत नव्हती. फक्त एक हात जाणवत होता, आणि तो हात त्याला दोरीपासून ओढत होता. दोरी सोडायची नाही. मरण आले तरी. हे त्याच्या अंगात तिनेच भिनवले होते, वर्षानुवर्षे, डोळ्यांवर पट्टी बांधून, शिव्या घालून. तिने त्याची बोटे उकलायचा प्रयत्न केला. बधिर बोटे बधिर बोटांना उकलेनात. अखेरीस तिने उलट केले. फिरकीची दोरी तिने त्याच्या त्याच मुठीत, सुट्या टोकाच्या शेजारी सरकवली. आणि त्याचा अंगठा तिच्यावर दाबून धरला. एक ताण दिला. मग दुसरा. पलीकडून दोरीने ताण परत दिला: ही बांधलेली आहे. ही कशालातरी बांधलेली आहे.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्या मुठीतली एक दोरी सुटली.

ती त्याच्या मागे राहिली, त्याच्या पोटरीवर हात ठेवून. लांब नळीने दोघे एकाच सिलिंडरला बांधल्यासारखे. दर काही हातांवर तो थांबे आणि दोरी ताणून पाही. पिवळी दोरी आली, बाण आले, दूध विरळ झाले आणि मग एकाएकी संपले. समोर पुन्हा ते नसल्यासारखे पाणी होते.

तळ्याच्या खाली सहा मीटरवर थांबणे भाग होते. दोघांच्या अंगात मुरलेला वायू निघून जाईपर्यंत, नऊ मिनिटे. डोक्यावर फळ्यांच्या भेगांतून सावेलीचा कंदील दिसत होता. तो वर पाय आपटत होता, त्याचे ठोके पाण्यात येत होते. दोघे समोरासमोर, पिवळी दोरी धरून लटकले. देम्यानचे ओठ रेग्युलेटरभोवती निळे होते. मास्कमागून तो तिच्याकडे पाहत होता. मग त्याने मांडीवरची पाटी उघडली. तिच्यावर उजव्या वाटेची मापे नीट लिहिलेली होती, पंच्याण्णव मीटरपर्यंत. त्यांच्याखाली त्याने कष्टाने एक शब्द लिहिला आणि पाटी तिच्यापुढे धरली.

कापली?

वर गेल्यावर सांगता आले असते. आधी त्याला चहा पाजावा, ऊब द्यावी, मग. वर सावेली असेल. तो म्हणेल, जुनी होती, कुजली होती, सुटली. तिने पेन्सिल घेतली. अक्षरे पडली ती पहिलीच्या पोराने काढावी तशी.

मी. अडकली वाटली.

त्याने वाचले. पुन्हा वाचले. बराच वेळ त्याच्या तोंडून बुडबुडे आले नाहीत, आणि तिला वाटले, पुन्हा तेच मोजणे आले. मग ते आले, एकदम पुष्कळ. त्याने पेन्सिल घेतली.

आईला सांगू नको.

वार्वारा हसली की रडली हे तिला स्वतःलाही सांगता आले नसते; मास्कमध्ये पाणी आले एवढे खरे. तिने मान डोलावली. घड्याळात पाच मिनिटे उरली होती. त्याच्या तोंडातले रेग्युलेटर नीट बसले आहे ना, हे पाहावे म्हणून तिने हात पुढे केला. एकोणीस वर्षांत हजारदा केला असेल, तसाच.

देम्यान मागे सरकला. हातभरच. त्याने दोन्ही हातांनी पिवळी दोरी छातीशी धरली आणि तो तिच्या व दोरीच्या मध्ये आला. त्याचे डोळे तिच्या हातावर होते. वर फळ्यांवर सावेली ठोकत होता, आणि नऊ मिनिटे संपेपर्यंत वार्वाराने आपला हात तसाच, त्याला दिसेल असा, उघडा धरून ठेवला.